शीशी, एक नग

इंदूरला आमच्या घरी दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक बोरिंगचं, दुसरं नर्मदेचं. "नर्मदा आली का?" हा आमच्या गल्लीतला सकाळचा पहिला प्रश्न. 1978 साली नर्मदा पहिल्यांदा शहरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेलं पाणी विंध्याचा घाट चढवून सुमारे 70 किलोमीटर आणतात, तेव्हा कुठे आमच्या माठात पडतं. इतकी वर्षं मी ते पाणी प्याले, त्यानं भांडी घासली, तुळशीला घातलं. ते नदीचं आहे हे मात्र कधी मनात उतरलं नव्हतं. उतरलं ते एका लहानशा शीशीमुळे, आणि ती शीशीही माझी नव्हती.

गेल्या कार्तिकात, देवउठनी एकादशी झाल्यावर, मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, नर्मदा परिक्रमेला निघालो. ओंकारेश्वरला संकल्प सोडला, बाटलीत मैयाचं पाणी भरून घेतलं आणि दक्षिण तटानं पश्चिमेकडे चालायला लागलो. नदी उजव्या हाताला ठेवायची, तिला कुठेही ओलांडायचं नाही, आणि निघताना भरलेल्या बाटलीची रोज सकाळ-संध्याकाळ पूजा करायची. परिक्रमा पुरी झाली की ते पाणी ओंकारेश्वरी अर्पण करायचं. वाटेत बाटली सांडू नये, फुटू नये म्हणून माणसं किती जपतात! वहिनींनी आमची बाटली झोळीत न ठेवता स्वतःच्या खांद्याला वेगळी अडकवली होती. झोपताना उशाशी.

रावेरखेडीला बाजीरावांच्या समाधीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. 28 एप्रिल 1740 ला हा माणूस इथे, घरापासून इतक्या लांब, नदीकाठी गेला. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांचं सगळं गणगोत त्याच्या स्वाऱ्यांच्या मागोमाग इकडे आलेलं. त्यामुळे तिथे नमस्कार करताना परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं नाही.

पुढच्या मुक्कामाआधी एका साध्या उतारावर आम्ही आंघोळीला थांबलो. धड घाटही नव्हता तो. नदीकाठच्या बाभळीला एक पिशवी लटकत होती. कमरेला बांधायची, खाकी कापडाची, चेन असलेली. आजूबाजूला कुणी नाही. आम्ही हाका मारल्या. "नर्मदे हर!" म्हटलं की कुठून ना कुठून "हर!" येतंच. आलं नाही. तासभर थांबलो. आमच्याबरोबर साताऱ्याकडचे एक काका चालत होते. एस. टी. तून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हात लावू नका. उगाच गळ्यात यायचं."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तशीच सोडली असती तर ती कुणाच्या तरी हाती गेलीच असती. माझ्या हाती आली तर निदान मला माहीत होतं की पुढे काय करायचं. 34 वर्षं मी बँकेच्या कॅश काउंटरवर बसले. आमचे हे वकील होते, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ते सांगायचे, सापडलेली वस्तू उचललीस की तू तिची राखणदार झालीस. 1872 च्या करार कायद्याचं 71 वं कलम हेच म्हणतं. वस्तू सापडणाऱ्यावर, ती त्याच्याकडे कुणी सांभाळायला दिली असती तर जी जबाबदारी आली असती, तीच येते. आणि मालक कोण ते कळण्याजोगं असताना, किंवा त्याला शोधण्याचा धड प्रयत्नही न करता ती वस्तू आपलीशी केली तर तो गुन्हा. पूर्वी दंडसंहितेचं 403 वं कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 314 वं आहे. परत द्यायच्या हेतूनं उचलणं मात्र गुन्हा नाही, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. लोक फक्त पहिला भाग ऐकतात आणि घाबरतात.

संध्याकाळी आश्रमात सगळ्यांसमोर पिशवी उघडली. मी मुद्दाम एकटीनं उघडली नाही. पाचशेच्या 18 नोटा, दोनशेच्या 6, शंभराच्या 7, आणि दहाच्या 24 कोऱ्या करकरीत, कुमारिकांना दक्षिणा द्यायला आणलेल्या असणार. एकूण 11,140 रुपये. बंद पडलेला काळा मोबाइल. चष्मा. रक्तदाबाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. ओंकारेश्वरहून घेतलेला परिक्रमेचा दाखला, फोटोसकट. एक वही, तिच्यात आश्रमाआश्रमांचे शिक्के आणि तारखा. शेवटचा शिक्का आदल्या दिवशीचा होता. आणि सगळ्यात खाली, लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली, रबरी बुचाची औषधाची जुनी शीशी. आत पाणी.

कुणीच काही बोललं नाही. मोठी बाटली पाठीवर न पेलणारी म्हातारी माणसं अशा लहान शीशीत पाणी घेतात. ती अंगावर ठेवायची म्हणून यांनी कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि आंघोळीला उतरताना ती पिशवीच काढून फांदीला अडकवली.

मग बोलणी सुरू झाली. एक जण म्हणाला, पैसे इथल्या अन्नक्षेत्राला द्या, मैयाचे मैयाला. दुसरा म्हणाला, पुढच्या शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे जंगलात, पूर्वी मामा लोक, तिथले भिल्ल, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घ्यायचे आणि परिक्रमावासी म्हणायचे, मैयानं घेतलं. तसंच समजा. मला हे सहन झालं नाही. आवाज थोडा चढलाच माझा. ज्याचं गेलं, त्यानं म्हणावं मैयानं घेतलं. त्याचा तो अधिकार आहे, त्याची ती श्रद्धा आहे. ज्याला सापडलं त्यानं मैयानं दिलं असं कधीही म्हणू नये. हातात दाखला आहे, फोटो आहे, आणि आपण देवाचं नाव पुढे करून माणसाचं घर विसरायचं?

रात्री वहीचं एक पान फाडून यादी केली. नोटांचे आकडे वेगळे, वस्तू वेगळ्या, कुठे आणि किती वाजता सापडली तेही. आश्रमाच्या सेवकाची आणि काकांची सही घेतली. ज्या काकांनी हात लावू नका म्हटलं होतं त्यांनीच सर्वांत ठसठशीत सही केली. दाखल्यामागे पेन्सिलनं एक नंबर होता, पण त्या गावात रेंज नव्हती.

पोलीस ठाणं काठापासून सहा किलोमीटर आत, पुढच्याच दिशेला. मागे फिरावं लागणार नव्हतं, म्हणून वहिनी तयार झाल्या. काठ सोडताना मात्र त्यांनी नदीकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, "आलोच."

ठाण्यात मुन्शीजींनी, म्हणजे तिथलं लिहिण्याचं काम बघणाऱ्या हवालदारांनी, आम्हाला पाहिलं, पांढऱ्या साड्या, हातात काठ्या, आणि खुर्च्या दिल्या. पिशवी टेबलावर ठेवल्यावर चेहरा बदलला.

"माताजी, ये आश्रम में ही दे देते। यहाँ किसलिए लाए?"

मग हद्दीचा प्रश्न निघाला. बाभूळ कुठल्या गावाच्या शिवारात, ते गाव कुठल्या ठाण्यात. ते म्हणाले, हमारे यहाँ नहीं लगता. मी म्हटलं, ठीक है, आप यही लिखकर दे दीजिए कि नहीं लगता, हम दूसरे थाने चले जाएँगे. हे मी रागानं म्हटलं नाही. काउंटरवर हीच सवय होती, नाही म्हणायचं असेल तर कागदावर म्हणा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि चहा सांगितला.

कायदा इथे त्यांच्याही बाजूचा होता आणि आमच्याही. बेवारस माल ताब्यात घेऊन त्याची यादी दंडाधिकाऱ्याकडे पाठवणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे, हे 1861 च्या पोलीस कायद्यात 25 व्या कलमात लिहिलेलं आहे. पुढच्याच कलमात जाहीरनामा आणि सहा महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात कुणी हक्क सांगायला आलं नाही तर पुढचं. दीडशे वर्षांहून जुनी ही वाट आहे. ती वापरत नाही म्हणून आपल्याला ती नाही असं वाटतं.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा दारात एक मुलगा उभा होता. मिरची तोडणीच्या कामाला आलेला, बोटांची टोकं लाल. त्याचा फोन हरवला होता. त्याला दोनदा "कल आना" ऐकून झालं होतं. फोन सरकारी पोर्टलवरून बंद करून घ्यायचा तर पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत लागते, हे त्याला दुकानदारानं सांगितलं होतं, म्हणून तो मजुरी बुडवून आला होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नाही. माझ्या अंगावर परिक्रमेचं कापड नसतं तर मलाही कदाचित सांगितलं नसतं. हा विचार मला आजही सोडत नाही. मी मुन्शीजींना म्हटलं, पहले इसका लिख लीजिए, हमें जल्दी नहीं है. त्यांनी लिहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एवढ्यासाठी त्या पोराच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी पडलं होतं.

मग आमची यादी. नोटा त्यांनी मोजल्या, मी मोजल्या, एका तरुण महिला आरक्षकानं, म्हणजे कॉन्स्टेबलनं, मोजल्या. आकडा तिन्ही वेळा तोच. रोजनाम्यात लिहिता लिहिता ते मोठ्यानं बोलत होते, "नगदी ग्यारह हज़ार एक सौ चालीस रुपये। मोबाइल काले रंग का, एक नग। चश्मा, एक नग। गोलियाँ, आधा पत्ता। शीशी काँच की, जल भरी हुई, एक नग..."

इथे पेन थांबलं. खण त्यांनीच सोडला होता, पण तो काय आहे हे बहुधा लिहिताना लक्षात आलं. शीशी प्रकाशात धरली. तळाशी बारीक रेती बसली होती, ती हलली आणि पुन्हा बसली. ते उठले, बाहेरच्या नळावर हात धुऊन आले आणि म्हणाले, "मैया मालखाने में नहीं जाएँगी।"

ठाण्याच्या आवारात पिंपळाखाली हनुमानाचं छोटं देऊळ होतं. शीशी तिथे ठेवली. पण यादीतून तिचं नाव त्यांनी खोडलं नाही, आणि मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं. नुसती भक्ती असती तर शीशी देवळात गेली असती आणि कागदावर राहिली नसती. नुसता कागद असता तर ती कुलपात सहा महिने पडली असती.

पावती मिळायला दुपार झाली. "हो जाएगा माताजी, आप निकलिए" असं तीनदा ऐकलं. मी बसून राहिले. रोजनाम्याचा क्रमांक, वेळ, शिक्का, सही, एवढं अर्ध्या पानावर हातात पडल्याशिवाय उठायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. तुम्हाला कधी असा प्रसंग आला तर तुम्हीही उठू नका. बसायला लाजायचं काही कारण नाही.

तोवर त्या आरक्षक मुलीनं पेन्सिलीचा नंबर फिरवला. मुलगा वऱ्हाडातून बोलत होता. वडील एकोणऐंशी वर्षांचे, गावच्या चौघांबरोबर निघालेले. पिशवी गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं ते संध्याकाळी. कुठे राहिली तेच आठवेना. रात्री दुसऱ्याच्या फोनवरून घरी बोलले. पैशांबद्दल एक शब्द नाही. जेवण अन्नक्षेत्रात मिळतं, गोळ्या बरोबरच्यांनी वाटेत घेऊन दिल्या. एकच म्हणतात, माझं पाणी गेलं, आता मी कशाची परिक्रमा करतोय?

आणि इथे गाठ बसली. माल घ्यायचा तर मालकानं यावं, ही ठाण्याची रीत. वाहनात बसायचं नाही, हा त्यांचा संकल्प. चालत मागे येण्याची त्यांच्यात ताकद नव्हती. मुन्शीजींनी अर्ध्या तासात मार्ग काढला. वडिलांच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं घेऊन मुलानं यावं, पैसे, मोबाइल, बाकीचं घेऊन जावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो येऊन घेऊनही गेला. अधिकारपत्र आश्रमातून फोनवर आलं होतं. पण शीशी? मुलगा मोटारसायकलवरून नेऊन देईन म्हणाला, तर वडिलांनी नको म्हणून सांगितलं. ते पाणी चाललंय, ते चालतच यावं.

"माताजी," मुन्शीजी म्हणाले, "आप तो उसी रास्ते जा रही हैं।"

मुलाच्या संमतीनं रोजनाम्यात आणखी एक ओळ पडली आणि तिच्याखाली मी सही केली. शीशी काँच की, जल भरी हुई, एक नग, सही-सलामत प्राप्त की. देवळातून ती उचलताना बुचावर कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलेलं दिसलं.

पुढचे सहा दिवस माझ्याकडे आणि वहिनींकडे मिळून दोन नर्मदा होत्या. शीशीचं वजन ते काय, मूठभर. पण 34 वर्षांत लाखांच्या थप्प्या हाताखालून गेल्या, त्यांचं कधी असं ओझं झालं नव्हतं. नोट फाटली तर बदलून मिळते. हे सांडलं असतं तर? नदी तर शंभर पावलांवर वाहत होती, तीच नदी, तेच पाणी. तरी ते पाणी ते नव्हतं. त्यांनी संकल्प सोडताना ओंजळीनं भरलेलं पाणी एवढंच होतं. मी ती ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवायचे आणि दर थोड्या वेळानं हात लावून बघायचे. संध्याकाळी वहिनी दोन्हींना कुंकू लावायच्या, दोन्हींपुढे खडीसाखर ठेवायच्या. ज्या माणसाला आम्ही पाहिलंही नव्हतं त्याची पूजा चुकू द्यायची नाही, हे त्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

नावडातोडीला पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. समोरच्या तीरावर महेश्वरचा घाट. ओलांडता येत नव्हतं, म्हणून इकडूनच पाहिला. दिवे लागत होते. बेवारस धन सरकारजमा करायची वेळ आली की अहिल्याबाई ते विधवांकडेच राहू देत, दत्तकाला आडकाठी करत नसत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लहानपणी ती गोष्ट दानाची वाटायची. त्या रात्री ती मला निराळी कळली. त्या बाईनं दान केलंच नव्हतं. जे आपलं नाही ते आपलं म्हणायला तिनं नकार दिला होता, खजिन्याची मालकीण असून. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "भाऊजी असते तर त्यांनी याला कलम सांगितलं असतं." आम्ही दोघी हसलो आणि मग बराच वेळ नुसत्या दिव्यांकडे पाहत बसलो.

मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडताना ट्रकांचा आवाज इतक्या दिवसांनी अंगावर आला. मी शीशीवर हात धरून रस्ता ओलांडला. पुढचे दोन दिवस पायांना फोड आले, वहिनींना ताप चढला, एक रात्र शाळेच्या ओट्यावर काढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

राजघाटच्या अलीकडच्या एका आश्रमात ते थांबले होते. झाडीत शिरण्याआधी त्यांच्या बरोबरच्यांनी त्यांच्यासाठी मुक्काम वाढवला होता. बारीक अंगाचे, डोळ्यांवर हात धरून बघणारे. चष्मा मुलाकडे, पोहोचायचा होता. मी नाव विचारलं, वहिनींनी मुलाचं नाव विचारून खात्री केली, मग मी शीशी काढली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, मग कानाशी नेऊन हलवली. दिसत नव्हतं ना नीट. पाणी वाजलं तशी त्यांची मान हलली.

"चालत आणलं ना, माय?"

"चालतच आणलं, बाबा."

मी कागद पुढे केला. शीशी एक नग, जल भरी हुई, मिळाली. हा कागद मुन्शीजींनी फोटो काढून पाठवायला सांगितला होता, त्यांच्या ओळीची पूर्तता व्हायला. बाबांनी पेन घेतलं, थरथरत्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि थांबले.

"तारीख काय आज?"

मला सांगता येईना. वहिनींनाही येईना. काका म्हणाले गुरुवार असावा, दुसरे कुणी म्हणालं शुक्रवार. शेवटी मी झोळीतून आमची वही काढली, आदल्या मुक्कामाचा शिक्का शोधला, त्यात एक दिवस मिळवला, आणि बाबांचा हात धरून तो आकडा त्यांच्या सहीखाली लिहवून घेतला.